पाच किलोमीटर पाण्याखालची चांदी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे ताम्हनात एक राणीछाप रुपया ठेवतात. तो आजीला तिच्या आईने दिलेला. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आता इतका झिजला आहे की मुकुट कुठे आणि नाक कुठे हे बोटाने चाचपूनच कळते. लहानपणी मला दरवर्षी एकच प्रश्न पडे. असे रुपये एकेकाळी बाजारहाटाला चालत होते, तर मग ते सगळे गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर मला पन्नाशी जवळ आल्यावर मिळाले. बहुतेक रुपये सरकारने परत घेऊन वितळवले. काही लोकांनी पुरून ठेवले, काहींचे दागिने झाले. आणि चांदीच्या नाण्यांच्या दोन हजार पेट्या मुंबई बंदरात एका बोटीवर चढल्या आणि दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाशी गेल्या. पाण्याची खोली ५,१५० मीटर. व्हीटी स्टेशनपासून जवळजवळ चिंचपोकळीपर्यंतचे अंतर उभे धरावे, एवढी. एकाहत्तर वर्षांनी, २०१३ साली, त्या चांदीचा मोठा भाग वर आला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तेवीस वर्षे मुंबईच्या गोदीत एका क्लिअरिंग एजंटकडे कारकुनी केली. मॅनिफेस्ट, बिल ऑफ लेडिंग, विम्याचे कागद यांत आयुष्य गेले. तिथे एक वयस्क मुकादम होते, रत्नागिरीकडचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "तुम्हाला कागद कळतात. माझे आजोबा बेचाळीस साली बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. बोट कोणती, ती बुडाली कुठे, तेवढे शोधून द्या." या लेखाचा उगम तिथे आहे. आजोबांचा शोध घेता घेता मी बुडालेल्या बोटींच्या जगात शिरलो, आणि समुद्राच्या तळातून माल वर कसा काढतात हे हळूहळू समजत गेले.

रुपया बोटीवर कसा चढला

जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोकांचा कागदी चलनावरचा विश्वास डळमळला आणि घरोघरी चांदीचे रुपये साठू लागले. सरकारने १९४० साली एक रुपयाची नोट चलनात आणली, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने राणीछाप, राजाछाप रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढायला सुरुवात केली. परत आलेल्या नाण्यांतली चांदी ब्रिटनला युद्धासाठी हवी होती.

'सिटी ऑफ कैरो' ही एलरमन कंपनीची १९१५ साली बांधलेली, आठ हजार टनांची बोट. माल आणि प्रवासी दोन्ही नेणारी. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ती मुंबईहून निघाली. पोटात बिडाचे लोखंड, कापूस, लोकर, लाकूड, मँगनीजचे खनिज आणि त्या दोन हजार पेट्या. चांदीचे वजन सुमारे तीस लाख औंस. सगळी रुपयाचीच नाणी धरली तर ती ऐंशी लाखांच्या घरात जातात.

डर्बन, केप टाउन करून बोट एकटीच ब्राझीलच्या दिशेने निघाली. सोबत संरक्षक ताफा नव्हता. इंजिन जुने, धूर भरपूर. ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी यू-६८ या जर्मन पाणबुडीने तो धूर पाहिला. एक टॉर्पेडो मारला, लोक होड्यांत उतरत असताना थोड्या वेळाने दुसरा. मग पाणबुडी वर आली. तिचा कप्तान मेर्टेन याने होडीतल्या लोकांना बोटीचे नाव, माल विचारला, जवळची जमीन कुठे आहे ते सांगितले, आणि तुमची बोट बुडवल्याबद्दल माफ करा, असे म्हणून तो निघून गेला.

बोटीवर तीनशेच्या आसपास माणसे होती. प्रत्यक्ष बुडताना फार थोडी गेली. बाकीची सहा होड्यांतून सेंट हेलेना बेटाकडे निघाली. अंतर पाचशे सागरी मैलांच्या आतबाहेर. बऱ्याच जणांना दोन आठवड्यांच्या आत दुसऱ्या जहाजांनी उचलले. पण एका होडीत, छत्तीस दिवसांनी एका जर्मन जहाजाला ती सापडली तेव्हा, तिघेच जिवंत होते, आणि त्यांतली एक बाई जहाजावर गेल्यावर वारली. दुसरी एक होडी ५१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ दिसली. तिच्यात दोघे उरले होते. एकूण १०४ माणसे मेली. तहान, ऊन आणि दिशा चुकणे यांनी पाणबुडीपेक्षा जास्त बळी घेतले.

बोट आधी कागदावर सापडते

सॅल्व्हेज, म्हणजे बुडीत माल वर काढणे, हे पाणबुड्यांचे आणि क्रेनचे काम आहे असे मला वाटत असे. प्रत्यक्षात त्याची पहिली काही वर्षे टेबलावर जातात. शोधणाऱ्याला चार प्रकारचे कागद लागतात. बोटीने बुडताना बिनतारी संदेशातून कळवलेले ठिकाण. पाणबुडीच्या रोजनिशीतली नोंद. वाचलेल्या अधिकाऱ्यांचे जबाब. आणि मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, त्याबरोबर कोणता माल कोणत्या हॅचमध्ये ठेवला याचा नकाशा.

पहिले तीन कागद एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. त्या काळी ठिकाण काढायचे ते सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजून. आभाळ भरलेले असले की वेग आणि दिशा यांवरून अंदाज. दहा सागरी मैलांची चूक सहज होई. चारही दिशांना दहा मैलांची चूक धरली तर शोधायचा चौकोन चौदाशे चौरस किलोमीटरच्या जवळ जातो. म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त जागा, अंधारात, पाच किलोमीटर पाण्याखाली.

चौथा कागद माझ्या ओळखीचा. गोदीत नवखा कारकून मालाची यादी वरून खाली वाचतो. मुरलेला माणूस आधी वजन पाहतो, मग तो माल कुठे रचला ते पाहतो. चांदी जड आणि मोलाची, म्हणून ती कुलपाच्या कोठीत किंवा नजरेखालच्या कप्प्यात असते. बोटीचे दोन तुकडे झाले असतील तर कोणता तुकडा आधी उकरायचा, हे त्या एका ओळीवर ठरते. नाहीतर दिवसाला लाखो रुपये भाड्याचे जहाज वर उभे आणि खाली यंत्र लोखंड उचकटत बसलेले.

कागदांवरून चौकोन ठरला की सोनारचे काम. जहाजामागे कित्येक किलोमीटर केबलला बांधलेले एक यंत्र तळापासून थोड्या उंचीवरून ओढत नेतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून तळाचे चित्र उमटते. गाळ मऊ, त्याचा प्रतिध्वनी क्षीण. लोखंड टणक, त्याचा ठळक. शेत नांगरावे तसे एकाला लागून एक पट्टे घ्यायचे. मागे एवढी लांब केबल असल्यामुळे जहाजाला प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी वळायलाच तास लागतात. एखादा मोठा खडकही बोटीसारखा दिसतो, म्हणून संशयास्पद ठिकाणी कॅमेरा उतरवून खात्री करावी लागते. 'सिटी ऑफ कैरो'चा सांगाडा 'डीप ओशन सर्च' या कंपनीला २०११ साली सापडला. बोट दोन तुकड्यांत, गाळात खोल रुतलेली.

पोलादी नळकांड्यातला माणूस

खोल पाण्यातून मोल वर काढण्याची सुरुवात झाली तीही मुंबईला येणाऱ्या एका बोटीपासून. पी अँड ओ कंपनीची 'इजिप्त' १९ मे १९२२ रोजी लंडनहून मुंबईला निघाली. तिच्यात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने-चांदी होते. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात 'सेन' या फ्रेंच जहाजाने तिला धडक दिली आणि वीसेक मिनिटांत ती बुडाली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यांत खलाशी मोठ्या संख्येने होते.

खोली सुमारे १२० मीटर. आज ऐकायला कमी वाटते, पण त्या काळच्या रबरी पोशाखातल्या पाणबुड्याला एवढ्या खोलीवर काम करणे अशक्य होते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला की सोड्याची बाटली उघडल्यावर निघतात तसे त्याचे बुडबुडे शरीरात निघतात आणि माणूस लुळा पडतो किंवा मरतो.

इटलीच्या 'सोरिमा' कंपनीने यावर साधा उपाय काढला. माणसाला दाबच लागू द्यायचा नाही. जाड पोलादाचे उभे नळकांडे, वरच्या भागात काचेच्या खिडक्या, आत एक माणूस, नेहमीची हवा आणि टेलिफोन. तो हाताने काहीच करत नसे. तो फक्त पाहायचा आणि बोलायचा. 'डावीकडे, अजून थोडे, सोडा' एवढ्या शब्दांवर वरचे लोक पोलादी पंजा खाली सोडत. डेकचे थर सुरुंगाने उडवत कोठीपर्यंत वाट करायची, असे ते काम.

ऑगस्ट १९३० मध्ये त्यांच्या 'आर्टिल्यो' जहाजाला 'इजिप्त' सापडली. हिवाळ्यात समुद्र खवळला म्हणून त्यांनी किनाऱ्याजवळ दुसरे काम घेतले. पहिल्या महायुद्धात बुडालेले दारूगोळ्याचे एक जहाज फोडायचे होते. इतक्या वर्षांत दारू भिजून निकामी झाली असेल असा अंदाज होता. तो चुकला. ७ डिसेंबर १९३० रोजी झालेल्या स्फोटात 'आर्टिल्यो' आणि तिच्यावरची बारा माणसे गेली. त्यांत मुख्य पाणबुड्या जान्नीही होता. कंपनीने दुसरे जहाज आणले आणि जून १९३२ मध्ये पंज्यातून पहिली सोन्याची नाणी डेकवर पडली. हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या नोटाही त्या पंज्यातून वर आल्या. १९३५ पर्यंत जवळजवळ सगळा खजिना निघाला होता.

गिरसप्पा नावाची बोट

पुढची मोठी झेप ज्या बोटीवर झाली तिचे नाव 'गेरसोप्पा'. आपल्या जुन्या शाळेच्या पुस्तकांतला गिरसप्प्याचा धबधबा, तेच हे नाव. डिसेंबर १९४० मध्ये ही मालवाहू बोट चहा, बिडाचे लोखंड आणि चांदीच्या लगडी घेऊन कलकत्त्याहून निघाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये वादळात कोळसा कमी पडला, म्हणून तिने ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराची वाट धरली. एकटी पडलेली बोट यू-१०१ या पाणबुडीने बुडवली. तेरा दिवसांनी एक होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याला लागली. शेवटच्या लाटांत ती उलटली आणि एकटा सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स वाचला. ऐंशीहून अधिक माणसांच्या बोटीवरचा तो एकच जिवंत साक्षीदार.

सांगाडा २०११ साली ४,७०० मीटरवर सापडला. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळजवळ अर्धा टन वजन असते. एवढ्या खोलीवर बोट उचलण्याचा विचारही कोणी करत नाही. उथळ पाण्यात भोके बुजवून, पाणी उपसून बोट तरंगवता येते. इथे फक्त हवा तेवढा माल बाहेर काढायचा.

नळकांड्यातल्या माणसाची जागा आता आरओव्ही या दूरनियंत्रित यंत्राने घेतली आहे. आकार छोट्या टेम्पोएवढा. दिवे, कॅमेरे आणि तेलाच्या दाबावर चालणारे दोन हात. वीज, आज्ञा आणि चित्र सगळे एकाच केबलमधून. ते खाली पोहोचायलाच काही तास लागतात. चालवणारे लोक वर जहाजावरच्या खोलीत पडद्यासमोर पाळीपाळीने बसतात. आधी पत्रे कापायचे, मग गाळ पंपाने बाजूला करायचा, मग एकेक लगड उचलून टोपलीत ठेवायची. गाळ उडाला की पडद्यावर काहीच दिसत नाही, तो खाली बसेपर्यंत थांबायचे. एक लगड पस्तीस किलोच्या आसपास. २०१२ साली अशा १,२१८ लगडी निघाल्या, २०१३ साली १,५७४. मिळून सुमारे शंभर टन.

त्या कामात आणखी एक गोष्ट मिळाली जी कोणत्याही करारात नव्हती. टपालाच्या कोठीतून सातशेहून अधिक पत्रे निघाली. गाळाखाली उजेड नाही, प्राणवायू जवळजवळ नाही, आणि कागद घट्ट दाबलेले, म्हणून ती टिकली. हिंदुस्थानातून विलायतेला आपल्या माणसांना लिहिलेली ही पत्रे २०१८ साली लंडनच्या पोस्टल म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडली गेली.

वर आलेला माल कोणाचा

पुष्कळ जणांचा समज असा की समुद्रात सापडले ते सापडणाऱ्याचे. तसे नाही. बोट बुडते, मालकी बुडत नाही. विमा कंपनीने नुकसान भरून दिले की मालावरचा हक्क तिच्याकडे जातो. युद्धकाळात युद्धजोखमीचा विमा ब्रिटिश सरकारच देत असल्याने 'गेरसोप्पा'ची चांदी सरकारची झाली. सरकारने शोधणाऱ्या 'ओडिसी' कंपनीशी करार केला. खर्च आणि जोखीम सगळी कंपनीची, आणि माल निघाला तर खर्च वजा जाता ८० टक्के कंपनीला, २० टक्के सरकारला. काही निघाले नाही तर कंपनीला एक पैसाही नाही. सॅल्व्हेजचे हे जुने तत्त्व आहे: माल नाही तर मोबदला नाही.

करार आधी केला नाही तर काय होते, ते 'तिलावा' या बोटीने दाखवले. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ९५८ माणसे घेऊन ती मुंबईहून आफ्रिकेला निघाली. तीनच दिवसांनी एका जपानी पाणबुडीने ती बुडवली. २८० माणसे गेली आणि वाचलेल्या बहुतेकांना एका ब्रिटिश युद्धनौकेने मुंबईला परत आणले. तिच्यात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. एका कंपनीने २०१७ साली त्या अडीच किलोमीटर खोलीवरून काढून इंग्लंडला नेल्या आणि मोबदला मागितला. दक्षिण आफ्रिका म्हणाली, आम्ही सार्वभौम राज्य आहोत, आमच्या मालावर तुमच्या कोर्टात दावा चालणार नाही. खालच्या दोन कोर्टांनी कंपनीची बाजू घेतली. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. बोटीत नुसती पडून असलेली चांदी व्यापारी वापरात होती असे म्हणता येत नाही, असा निकाल दिला. निकालाआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती, पण तत्त्व ठरून गेले.

आमच्या रुपयांचे काय झाले? ते ब्रिटिश सरकारचे होते. वर आल्यावर बहुतेक वितळवून विकले गेले आणि पैसा सरकार व कंपनी यांच्यात वाटला गेला. काम संपल्यावर कंपनीने सांगाड्यापाशी एक पाटी ठेवली. 'आम्ही आदराने आलो होतो', अशा अर्थाचे शब्द तिच्यावर आहेत.

दुसरी यादी

चाचांच्या आजोबांचा शोध मी चुकीच्या टोकापासून सुरू केला होता. मी बोटींच्या याद्या पाहत होतो. त्यांत चांदीच्या पेट्यांची संख्या होती, कापसाच्या गाठी होत्या, कप्तानाचे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे नाव होते. सारंग, टंडेल, भंडारी, खलाशी यांचा मात्र बहुतेक ठिकाणी नुसता आकडा. मुंबईच्या बोटींवर डेकचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे, खानसामे आणि स्टुअर्ड गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका. टॉर्पेडो मात्र दोघांना एकच.

मरणानंतरही याद्या वेगळ्याच राहिल्या. ब्रिटिश व्यापारी नाविकांची नावे लंडनला टॉवर हिल स्मारकावर कोरली आहेत. हिंदी खलाशांची नावे एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत चितगावच्या युद्ध दफनभूमीत, दुसरी मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सीमेन्स होममध्ये. अखंड हिंदुस्थानच्या नौदलातली आणि व्यापारी बोटींवरची, समुद्र हीच ज्यांची कबर अशी सुमारे साडेसहा हजार नावे. मी ज्या गोदीत तेवीस वर्षे काढली तिथून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ. मला तिचा पत्ता नव्हता.

चाचांच्या आजोबांचे नाव त्या याद्यांत मिळाले. शेजारी वडिलांचे नाव, आणि बोट 'सिटी ऑफ कैरो'. चाचा तेव्हा निवृत्त होऊन गावी होते. मी जाऊन सगळे सांगितले. चांदी, रोबोट, लंडन. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "आजोबा बोटीबरोबर गेले की होडीत?" ते कागदांत नव्हते. प्रत्यक्ष बुडताना फार थोडे गेले, होड्यांत जास्त गेले, एवढेच मला सांगता आले. ते म्हणाले, "म्हणजे काही दिवस जगले असतील." मग त्यांनी ट्रंकेतून एक जुनी वही काढून दिली. खलाशी जिला 'नली' म्हणतात ती, कंपनीच्या नोंदींची डिस्चार्ज वही. आजोबांनी त्या आधीच्या सफरीवरची ती घरी ठेवली होती की दुसरी काढली होती, कोण जाणे. पण तिच्यात त्यांच्या सहा सफरींच्या तारखा होत्या, बोटींची नावे होती आणि एक अंगठा होता.

चांदीच्या पेट्या पाच किलोमीटर खालून सापडल्या, कारण त्यांची नोंद कोणीतरी नीट ठेवली होती आणि ती जपण्यात कोणाचा तरी फायदा होता. खलाशांची नोंद तेवढी नीट ठेवली गेली नाही. ती आता घराघरांत आहे. कोकणात, गोव्यात, धोबीतलावच्या जुन्या कुडांमध्ये. या दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर अशी एखादी नली, कंपनीचे पत्र किंवा मनीऑर्डरची पावती सापडली, तर रद्दीत देण्याआधी एकदा तारखा वाचा. १९३९ ते १९४५ मधली असेल तर नाव, गाव आणि बोट एका कागदावर उतरवून ठेवा. मी रत्नागिरीच्या तालुक्यांपुरती अशी यादी करतो आहे. आतापर्यंत एक्केचाळीस नावे झाली आहेत. पहिल्या ओळीत चाचांचे आजोबा आहेत.